मीटरवर बारा व्होल्ट

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला इंदापुरात सोलापूर रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, आत फळ्या ठोकून केलेलं टेबल आणि बाहेर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. आयटीआय करून बारामतीत एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली चार वर्षं वायरिंग शिकलो होतो. ट्रॅक्टरचे डायनॅमो, इंजिन फिरवणारे ट्रकचे सेल्फ, जीपचे हॉर्न आणि लाइट हे रोजचं काम. गावात घरच्या मोटारी मोजक्याच होत्या आणि त्यातल्या बहुतेक माझ्याकडे येत.

त्यातली एक पांढरी गाडी इंदापूर कोर्टातल्या एका वकिलांची होती. ते स्वतः फारसे चालवत नसत. त्यांच्याकडे एक ड्रायव्हर होता, पन्नाशीला आलेला, मोरगावकडचा. त्याच्या वडिलांची मेंढरं होती, ती केव्हाच मोडली. हा ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, मग ट्रक चालवू लागला आणि शेवटी वकिलांकडे आला. त्याला सगळे तात्या म्हणत, मीही म्हणायचो. तात्या गाडीला जपायचा. काच पुसायचं फडकं वेगळं, टायर पुसायचं वेगळं. माझ्या दुकानात गाडी आणली की मी बॉनेटखालून हात काढेपर्यंत तो बाजूला उभा राहून बघत असायचा. मला ते थोडं खटकायचं.

त्या दिवसांत गाड्या चोरीला जायच्या बातम्या वरचेवर कानावर येऊ लागल्या होत्या. वकिलांच्या एका मित्राची गाडी पुण्यात कोर्टाच्या आवारातून गेली आणि पुढच्याच आठवड्यात वकील माझ्याकडे आले. "मला ती चोरीची सिस्टीम बसवून दे," म्हणाले. मी पुण्याहून एक आणून बसवली. काळी डबी, त्यात करंट जोडणारा-तोडणारा एक रिले आणि डॅशबोर्डच्या खाली हात घातल्यावरच सापडेल असा एक लहान स्विच. त्याला आम्ही चोरस्विच म्हणायचो. गाडी लावून जाताना तो दाबून ठेवायचा, परत येऊन बसलं की काढायचा, म्हणजे सोडून द्यायचा. दाबलेला असताना कुणी किल्ली फिरवली तर सेल्फ फिरतो, पण इग्निशन कॉइलला करंट जात नाही, त्यामुळे प्लगला ठिणगी मिळत नाही आणि इंजिन काही पकडत नाही. चोर सेल्फ मारून मारून थकणार. स्विच कुठं आहे हे तिघांनाच माहीत होतं : वकिलांना, तात्याला आणि मला.

सिस्टीम बसवली ती थंडीत. फाल्गुन संपता संपता तात्या दुकानात आला.

"मिस्त्री, गाडी दुपारची नाटक करतीया," तो म्हणाला. "उन्हात उभी राह्यली की पकडत न्हाय. सेल्फ घेती नुसता. ऊन उतरलं की चालू."

मी ट्रॅक्टरच्या डायनॅमोत गुंतलो होतो. न उठताच म्हणालो, "पेट्रोल जास्त होत असेल तात्या. गरम इंजिनला चोक ओढत असाल तुम्ही."

"चोकला हात बी लावत न्हाय मी."

"बघू, आणा एकदा."

त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी आणली. एका सेल्फवर चालू झाली. मी हसलो, तोही कसानुसा हसला. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा तेच बोलला आणि मी पुन्हा चोकचंच सांगितलं. वीस वर्षं गाड्या चालवलेल्या माणसाला मी चोक शिकवत होतो.

वैशाखात एका दुपारी वकिलांच्या आईंच्या छातीत दुखू लागलं. वकील कोर्टात होते. शेजारचे डॉक्टर येऊन गेले आणि त्यांनी ताबडतोब बारामतीला हलवायला सांगितलं. गाडी दाराशीच होती, सकाळपासून उन्हात. तात्यानं आईंना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. वकिलांच्या बायको त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. तात्यानं किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन पकडलं नाही. त्यानं पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. उतरून बॉनेट उघडलं, वायरी हलवून पाहिल्या, परत येऊन बसला. शेवटी बॅटरी उतरली आणि सेल्फही फिरेना. मग कुणीतरी सायकलवर जाऊन बाजारपेठेतून एक जीप बोलावून आणली. आईंना एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत ठेवलं. ह्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. बारामतीच्या वाटेवर, लासुर्ण्याच्या अलीकडे त्या गेल्या.

संध्याकाळी घरात माणसं जमली. वकिलांच्या मेव्हण्यांनी दुसरी बॅटरी लावून सहज किल्ली फिरवून पाहिली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. तिथंच सगळं ठरलं. गाडी चांगली आहे, मग दुपारी काय झालं होतं? चोरस्विच दाबलेला होता. ड्रायव्हर तो काढायला विसरला. घाईत, घाबरून विसरला, आणि लोक विचारू लागल्यावर बॉनेट उघडता उघडता त्यानं गुपचूप काढून ठेवला. हे कुणी आधी म्हटलं ते मला कळलं नाही. दोन दिवसांत मी ते चहाच्या टपरीवर ऐकलं.

दहावं-बारावं उरकल्यावर एका सकाळी वकील गाडी घेऊन दुकानात आले. बरोबर मेव्हणे होते आणि तात्या. वकिलांच्या डोक्याचं मुंडण केलेलं होतं. ते माझ्या स्टुलावर बसले.

"ही गाडी नीट तपास," म्हणाले. "घाई करू नकोस."

मी नुकताच एक डिजिटल मीटर आणला होता. आमच्या जुन्या मिस्त्रींनी जन्मभर एका बारा व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेल्या टेस्ट लॅम्पवर काम केलं. मला तो मीटर म्हणजे मोठी गोष्ट वाटायची. मी कॉइलवरची वायर सुटी केली, मीटरची एक पिन तिला आणि दुसरी बॉडीला लावली, किल्ली ऑन केली. बारा व्होल्ट. स्विच दाबला, शून्य. स्विच काढला, बारा. वायर परत जोडून गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. आकडे वकिलांना दाखवले.

"म्हणजे तुझ्या सिस्टीममध्ये दोष नाही?"

"नाही साहेब."

"मग त्या दिवशी स्विच दाबलेला होता असाच ह्याचा अर्थ होतो. हो की नाही?"

मी तात्याकडे पाहिलं नाही. "तसंच असणार," म्हणालो.

"असणार नको. हो की नाही?"

"हो."

तात्या गाडीच्या पलीकडून म्हणाला, "मिस्त्री, ही सकाळ हाय. दुपारपत्तुर थांबा. उन्हात उभी करा आन मग बघा. मी दोनदा सांगितलं व्हतं तुमाला."

वकील माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "ते चोकमुळं होत होतं." माझ्या तोंडून ते इतक्या सरळपणे निघालं की माझाही त्यावर विश्वास बसला. मीटरवर आकडा होता. आकड्यापुढं ड्रायव्हरचं काय ऐकायचं, असंच मला वाटत होतं. शिवाय दोष सिस्टीममध्ये निघाला असता तर तो माझा निघाला असता. हे तेव्हा मी मनात तरी बोललो होतो का, ते आता सांगता येत नाही.

तात्यानं खिशातून गाडीची किल्ली काढून बॉनेटवर ठेवली आणि तो चालत स्टँडकडे गेला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं आणि थांब असंही कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर पाच-सहा आठवडे गेले असतील. पाऊस लांबला होता, ऊन तसंच होतं. वकील आता स्वतःच गाडी चालवत. एके दिवशी हॉर्न बसला म्हणून त्यांनी सकाळी गाडी माझ्याकडे सोडली आणि ते कोर्टात गेले. माझ्या हातातलं काम लांबलं. गाडी दुकानापुढं उन्हात उभी राहिली. अडीचच्या सुमाराला मी ती सावलीत घ्यावी म्हणून किल्ली फिरवली. सेल्फ फिरला. इंजिन पकडेना.

मी तसाच बसून राहिलो. स्टीअरिंगला हात लावता येत नव्हता इतकं तापलं होतं. डॅशबोर्डखाली हात घालून स्विच चाचपला, तो काढलेलाच होता. उतरलो, कॉइलची वायर सुटी केली, मीटर लावला. बारा व्होल्ट. क्षणभर बरं वाटलं. मग काय मनात आलं कोण जाणे, टेबलाखालून जुना टेस्ट लॅम्प काढला आणि त्याच वायरीला लावला. बल्ब लागला नाही. आतली तार नुसती केसासारखी तांबडी दिसत होती.

जाणत्या माणसाला ह्यात सांगायचं काही उरत नाही. मीटर वायरीतून जवळजवळ काहीच ओढत नाही, त्यामुळे वायरीचा एक तंतू जरी टेकलेला असला तरी तो पूर्ण बारा दाखवतो. बल्ब करंट ओढतो, कॉइलही ओढते. त्यांना एक तंतू पुरत नाही. वाटेत कुठंतरी वायर नावालाच जोडलेली होती.

मी डॅशबोर्डखालचा पत्रा काढला आणि बोटांनी वायरी दाबत गेलो. एका ठिकाणी दाबल्यावर बल्ब लखकन लागला, सोडल्यावर विझला. तिथं मीच गुंडाळलेली काळी टेप होती. उन्हानं तिचा डिंक पातळ होऊन टेप सरकली होती. आत दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन जोडलेल्या. सोल्डर नाही. पीळ सैल झालेला, तंतू काळे पडलेले. गार असताना ते एकमेकांना टेकत, तापले की सुटत. वकिलांपुढं तपासताना मी खाली हात घालून स्विच दाबला-काढला, त्या धक्क्यानंही ते टेकले असतील.

मग मला तो थंडीतला दिवस आठवला. सिस्टीम बसवताना लाइट गेली होती, सोल्डरिंगची गन गार पडली होती, वकिलांना गाडी हवी होती. मी पीळ मारला, टेप लावली आणि नंतर करू म्हणालो. ते नंतर मी विसरून गेलो.

या वेळी लाइट होती. मी जोड साफ केला, सोल्डर केला, नवी टेप लावली, पत्रा बसवला. हॉर्न दुरुस्त केला. पाच वाजता वकील आले. त्यांनी हॉर्न वाजवून पाहिला.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही साहेब," मी म्हणालो.

दिवाळीपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. दुकान नवं होतं, गावात वकिलांच्या शब्दाला वजन होतं, माझ्या हातून एक बाई गेली असं लोक म्हणतील ही भीती होती. एकदा त्या शेजारच्या डॉक्टरांच्या स्कूटरचा लाइट दुरुस्त करताना मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी गाडी वेळेवर निघाली असती तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. वाचल्या असत्या, नसत्याही." मी त्यातलं मला हवं तेवढं घेतलं. तरी गाड्यांखाली झोपून काम करताना तात्याचं ते वाक्य मधेच कानात यायचं : ही सकाळ हाय. दरम्यान तो काय करतो, कुठं आहे, हे अधूनमधून कळत होतं. इंदापुरात त्याला कुणी गाडी दिली नाही. एका बागायतदारानं ठेवायचं ठरवलं होतं, त्याला कुणीतरी वकिलांच्या आईचं सांगितलं.

दिवाळीनंतर मी एसटीनं बारामतीला गेलो आणि तिथून मोरगावच्या गाडीत बसलो. देवळापाशी उतरून विचारत विचारत त्याच्या वस्तीवर पोचलो. ज्वारीच्या रानाच्या कडेला दोन खोल्या होत्या. तात्या बाहेर शेळ्यांना पाला टाकत होता. खूप उतरला होता. मला बघून दचकल्यासारखा झाला, मग घोंगडं टाकलं आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं.

"एमआयडीसीत जातोय," तो म्हणाला. "दुधाच्या कारखान्यात. कॅन उतरवायला. आज सुट्टी हाय."

मी पाणी प्यायलो आणि सांगून टाकलं. वायर, पीळ, टेप, ऊन, मीटर, बल्ब. तो ऐकत होता, हातातला पाला हातातच होता. त्याची बायको दारात उभी राहिली.

"म्हंजी स्विच काढल्याला हुता?" त्यानं विचारलं.

"काढलेलाच होता तात्या. तुमची काही चूक नव्हती."

"न्हाय, तसं न्हवं. तुमी बघितलं का तवा? त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी नव्हतो. पण दोष मला सापडला ना. तुम्ही सांगत होता तोच."

तो खाली बसला. "मिस्त्री, खरं सांगू का. पयल्यांदा मला पक्कं म्हाईत हुतं. बसल्या बसल्या हात घातला आन काढला, रोजच्यावानी. पर इतक्या येळा इचारलं समद्यांनी. वकिलांनी इचारलं, त्यांच्या मेव्हण्यानं इचारलं, हिनं बी इचारलं." बायकोनं मान खाली घातली. "मग मी बी आठवून बघाय लागलो. हात घातला व्हता का? का आईस्नी उचलायच्या गडबडीत ऱ्हायलं? आठवून आठवून मला आता दोन्ही दिसतंय. काढल्याला बी दिसतंय आन ऱ्हायलेला बी. आता तर ऱ्हायलाच असंल असं वाटाय लागलं हुतं मला."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्यासाठी मी तयारी करून गेलो होतो.

"ते परत एकदा सांगा," तो म्हणाला. "वायरीचं."

मी परत सांगितलं. त्यानं मधे मधे प्रश्न विचारले, जोड कुठल्या बाजूला होता, बल्ब किती वेळा लावून पाहिला. सगळं समजल्यावर त्यानं एकच विचारलं, "हे तुमाला कवा घावलं?"

"पावसाच्या आधी."

त्यानं बोटांवर महिने मोजले नाहीत, पण तो मनात मोजत होता हे दिसलं. त्याच्या बायकोनं माझ्यापुढचा तांब्या उचलला आणि ती आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

"वकिलास्नी सांगितलं का?"

"अजून नाही."

"मग मला सांगून काय उपेग," तात्या म्हणाला. त्याचा आवाज चढलाही नाही. तो उठून शेळ्यांकडे गेला. मी थोडा वेळ घोंगड्यावर बसलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोर्टाच्या आधी, मी वकिलांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं, मी उभ्याउभ्याच बोललो. ते साक्षीदाराचं ऐकावं तसे ऐकत होते.

"तुला जूनपासून माहीत आहे," ते म्हणाले.

"हो."

"आणि माझ्या समोर, दुकानात, तू हो म्हणालास."

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भिंतीवर आईंचा हार घातलेला फोटो होता, तिकडं त्यांनी पाहिलं नाही. "हो की नाही असं मीच विचारलं होतं," ते म्हणाले. मग चष्मा परत लावला. "जा आता."

ते माझ्या दुकानात परत कधी आले नाहीत. सिस्टीम त्यांनी बारामतीत कुणाकडून तरी काढून टाकली असं ऐकलं. त्यांनी माझ्याविरुद्ध काही केलं नाही, कुणाला काही सांगितलंही नसावं, कारण माझं काम तसंच चालू राहिलं. ते एकटेच गाडी घेऊन मोरगावला जाऊन आले हे मला पुढं तात्याच्या एका गाववाल्याकडून कळलं. त्यांनी तात्याला परत कामावर ये म्हटलं. तात्यानं त्यांना चहा दिला, गाडीपर्यंत सोडायला आला आणि नाही म्हणाला. लायसनची मुदत संपल्यावर त्यानं ते नवं करून घेतलं नाही. कॅन उतरवण्याचं काम करत राहिला. जाताना-येताना कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसायचा. स्वतः कधी हँडलला हात लावला नाही, असं गाववाला म्हणाला.

पुढं एक-दोन वर्षांनी लोणी देवकरला एका कारखान्याचं वायरिंगचं काम होतं, तेव्हाची गोष्ट. गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. इंदापूरचा ओळखीचा एक माणूस शेजारी होता. ड्रायव्हर लोकांवर भरवसा ठेवता येत नाही असा काहीतरी विषय निघाला आणि तो म्हणाला, "आपल्या वकिलांची आई नाही का ड्रायव्हरमुळं गेली. स्विच काढायला विसरला."

मी म्हणालो, "तो विसरला नव्हता. गाडीत फॉल्ट होता. जोड मी केला होता, कच्चा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी गंमत करतोय का, ते त्याला कळेना. "असंल," तो म्हणाला आणि चहावाल्याला कप परत दिला. थोड्या वेळानं दुसरं कुणीतरी आलं, तेव्हा त्याला तो ड्रायव्हरचीच गोष्ट सांगत होता, पहिल्यासारखीच.